स्मारक नाणे : रसायनाचा पाठ आणि शीलाचा कस

नाण्यांच्या व्यवहारातून मराठी भाषेत आलेले आणि पुढे माणसांना चिकटलेले शब्द थोडेथोडके नाहीत. सचोटीच्या माणसाला लोक ‘बंदा रुपया’ म्हणतात. अडचणीच्या प्रसंगी माणसाचा ‘कस’ लागतो. झिजलेले किंवा परक्या प्रांतातले नाणे बदलून घेताना सराफ जी तूट कापून घेई तिला ‘बट्टा’ म्हणत. आज तोच शब्द कुळाच्या नावाला लागतो. सोन्यारुप्यात मिसळलेल्या हलक्या धातूला ‘हीण’ म्हणतात आणि त्यावरूनच ‘हिणकस’ हे विशेषण रूढ झाले आहे. पेशवाईत सरकारी खजिन्यात येणाऱ्या नाण्यांची पारख करणारा पोतदार हा अधिकारी असे. त्याचे पद गेले, परंतु आडनाव राहिले. धातूची शुद्धता आणि माणसाची सचोटी यांची सांगड लोकांनी अशी फार पूर्वीच घातलेली आहे. हीच सांगड शाळेच्या प्रयोगशाळेत आणता येते आणि त्यासाठी एक सोपा उपक्रम आहे. तो म्हणजे विद्यार्थ्यांनी एका स्मारक नाण्याचा आराखडा तयार करणे.

स्वतंत्र भारतातील स्मारक नाण्यांची परंपरा १९६४ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नाण्यांपासून सुरू झाली. पन्नास पैसे आणि एक रुपया या मूल्यांची ती नाणी निकेलची होती. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या नाण्यांत दहा रुपयांचे चांदीचे नाणेही होते. त्यानंतर काही वर्षे या नाण्यांवर व्यक्तींपेक्षा राष्ट्रीय संदेशांना अधिक स्थान मिळाले. १९७० मध्ये ‘सर्वांसाठी अन्न’ हा संदेश आला, १९७४ मध्ये नियोजित कुटुंबाचा आणि १९८० मध्ये ग्रामीण महिलांच्या प्रगतीचा. महाराष्ट्राशी जवळचे नाते असलेली नाणीही पुढे निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा एक रुपया १९९० चा आहे, छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे १९९९ चे आणि लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे २००७ चे. यांपैकी काही नाणी आजही गावोगावच्या गल्ल्यांत आणि देव्हाऱ्यांत सापडतात. शिक्षकाला पहिले साहित्य तेथूनच मिळते.

जाहीर केलेले हीण

२८ मे २०२३ रोजी संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी ७५ रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित करण्यात आले. त्याचा व्यास ४४ मिलिमीटर आणि वजन ३५ ग्रॅम आहे. त्यात चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के असल्याचे शासनाने अधिसूचनेद्वारे प्रसिद्ध केले. नाण्यातील अर्धा भाग चांदी नाही, ही गोष्ट लपवून ठेवलेली नाही. ती राजपत्रात छापलेली आहे. वर्गातील पहिली चर्चा येथूनच सुरू करावी. चांदीत तांबे मिसळणारी टांकसाळ आणि दुधात पाणी घालणारा गवळी, दोघेही मिश्रणच करतात. मग एकाला मिश्रधातू आणि दुसऱ्याला भेसळ असे का म्हणावे? मुले बहुधा प्रथम म्हणतात की, एक सरकार करते म्हणून ते योग्य. हे उत्तर अर्थातच अपुरे आहे. थोडे पुढे नेले असता ती स्वतःच खऱ्या भेदापर्यंत येतात. मिश्रणाचे प्रमाण आणि हेतू उघडपणे सांगितले की ती मिश्रधातू होते. घेणाऱ्यापासून लपविले की भेसळ होते.

मिश्रण करण्यास कारणही असते. शुद्ध चांदी मऊ असते. हातोहात फिरताना ती झिजते आणि तिच्यावरील ठसा पुसट होतो. तांब्याचे अणू चांदीच्या अणूंहून आकाराने लहान असल्याने ते स्फटिकाच्या रचनेत शिरले की थरांवरून थर सहज घसरत नाहीत आणि धातू कठीण होतो. कोणते प्रमाण ठेवावे हे मात्र नेहमीच शास्त्र ठरवीत नाही, कित्येकदा ते परिस्थिती ठरविते. १८३५ पासूनचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई निर्माण झाली, तेव्हा १९४० मध्ये रुपयाचे वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणण्यात आली. त्या युद्धकालीन रुपयाचे चार धातू आणि त्यांचे प्रमाण आजच्या ७५ रुपयांच्या नाण्याप्रमाणेच होते. लोकांनी लगेच जुने रुपये घरात दडविले आणि नवे खर्चास काढले. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला आणि चलनी रुपयातील चांदी संपली. आजोबांच्या पेटीतला १९१८ चा रुपया आणि १९४७ चा रुपया समोर ठेवून लोहचुंबक लावले की दुसरा चिकटतो, पहिला चिकटत नाही. इतिहासाचा एवढा मोठा फेरबदल एका चुंबकाने दाखविता येतो, हे मुलांना फार आवडते.

चुंबकाचा हा खेळ आजच्या नाण्यांपर्यंत नेता येतो. ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असलेल्या न गंजणाऱ्या पोलादाची नाणी चिकटतात. ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची जुनी नाणी निकेल असूनही चिकटत नाहीत. तांब्याच्या सहवासात निकेलचा चुंबकीय गुण नाहीसा होतो. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची हलकी दहा-वीस पैशांची नाणी तर हातात घेतल्याबरोबर ओळखू येतात. मिश्रधातूचे गुण हे घटकांच्या गुणांची केवळ बेरीज नसते, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा असे पाहणे अधिक टिकते.

पस्तीस ग्रॅमचा हिशेब

माध्यमिक वर्गांत मोल ही संकल्पना अवघड समजली जाते, कारण ती बहुधा वहीतच राहते. ७५ रुपयांच्या नाण्याची जाहीर माहिती घेऊन हा हिशेब करावा. ३५ ग्रॅमपैकी चांदी १७.५ ग्रॅम, तांबे १४ ग्रॅम, निकेल आणि जस्त प्रत्येकी १.७५ ग्रॅम. प्रत्येक वजनाला त्या त्या अणुभाराने भागले की चांदी ०.१६२ मोल, तांबे ०.२२० मोल, निकेल ०.०३० मोल आणि जस्त ०.०२७ मोल येते. एकूण ०.४३९ मोल. म्हणजे नाण्यातील दर शंभर अणूंपैकी सुमारे ५० तांब्याचे, ३७ चांदीचे, ७ निकेलचे आणि ६ जस्ताचे आहेत. वजनाने चांदीचे म्हणून मिरविणारे नाणे संख्येने तांब्याचे निघते! चांदीचा अणू तांब्याच्या अणूहून जड असल्यामुळे असे घडते. वजनाची टक्केवारी आणि अणूंची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणाने जेवढे स्पष्ट होते तेवढे दहा उदाहरणे सोडवूनही होत नाही.

घनतेचाही पडताळा घेता येतो. चार धातूंच्या घनता घेऊन आकारमान काढले असता ते सुमारे ३.६७ घन सेंटिमीटर येते आणि नाण्याची घनता सुमारे ९.५. तेवढ्याच वजनाच्या शुद्ध चांदीचे आकारमान सुमारे ३.३४ घन सेंटिमीटर असते. ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून भागले की नाण्याची सरासरी जाडी २.४ मिलिमीटर मिळते. आपल्या आराखड्यासाठी व्यास, वजन आणि मिश्रण निवडणाऱ्या प्रत्येक गटाने हा हिशेब केलाच पाहिजे, नाहीतर कागदावर सुंदर दिसणारे नाणे प्रत्यक्षात पत्र्यासारखे पातळ किंवा तव्यासारखे जाड निघेल. आराखड्याला अशी शिस्त लागली की चित्रकला आणि रसायन एकाच बाकावर येऊन बसतात.

टांकसाळीतील क्रियाही याच ओघात समजावून द्याव्यात. मुंबईची टांकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून तिचे चिन्ह हिऱ्याच्या आकाराचे असते. ते वर्षाच्या अंकाखाली शोधण्यास मुलांना सांगावे. हैदराबादचे चिन्ह तारा, नोएडाचे टिंब, आणि कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसते. मिश्रधातूचा रस ओतून पट्टे तयार करतात, लाटणयंत्रातून काढतात आणि त्यातून कोऱ्या चकत्या कापतात. लाटताना धातू ताठर होतो, म्हणून चकत्या तापवून पुन्हा मऊ कराव्या लागतात. तापविताना पृष्ठभागावर आलेला ऑक्साइडचा थर सौम्य आम्लात धुऊन काढतात, मग कडा उचलतात आणि शेवटी दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते. गावातील तांबट हंडा ठोकताना तो मधूनमधून भट्टीत का घालतो, याचे उत्तर याच पायरीत आहे. ज्या गावात अद्याप तांबट किंवा पितळेची भांडी घडविणारे कारागीर आहेत तेथील शाळांनी त्यांना एक दिवस वर्गात बोलवावे. सोनाराने कसोटीचा दगड आणला तर अधिकच चांगले.

नाण्यावर कोण?

या उपक्रमातील सर्वांत कठीण, आणि म्हणून सर्वांत मोलाचा भाग धातूचा नसून मुखवट्याचा आहे. नाण्यावर कोणाची प्रतिमा असावी हे ठरविताना मुलांमध्ये वाद होतो. तो होऊ द्यावा. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर सुविचार लिहून तो वहीत उतरवून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यातून अक्षर सुधारते. आचरणावर तिचा परिणाम क्वचितच दिसतो. नाण्याच्या निमित्ताने मात्र मुलांना एका माणसाच्या आयुष्याबद्दल पुरावे द्यावे लागतात. ‘ते थोर होते’ हे वाक्य चालत नाही. काय केले, केव्हा केले आणि त्यासाठी काय सोडले, हे सांगावे लागते.

रसायनाचा विषय असल्याने आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे उदाहरण घेणे सर्व दृष्टींनी सोयीचे ठरते. त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आज बांगलादेशात असलेल्या खुलना जिल्ह्यातील रारुली या गावी झाला. १८८७ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. सौम्य नत्राम्ल आणि जास्तीचा पारा यांच्या क्रियेत त्यांना पिवळे स्फटिक मिळाले. अपेक्षित नसलेला पदार्थ टाकून न देता त्यांनी त्याचे पृथक्करण केले. तो मर्क्युरस नायट्राइट निघाला आणि १८९६ मध्ये त्यांनी ते संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या परिश्रमातून उभ्या राहिलेल्या औषधनिर्मितीच्या उद्योगाला १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स या कंपनीचे रूप आले. आरंभीच्या काळात गुरांची हाडे जाळून त्यांच्या राखेपासून फॉस्फेटचे क्षार करण्याचे काम त्यांनी राहत्या घरीच चालविले होते. शेतकऱ्यांच्या मुलांना फॉस्फेट हा शब्द खताच्या पिशवीवरून ठाऊक असतो. तो हाडांतूनही येतो हे त्यांना येथे कळते.

मिश्रधातू आणि भेसळ या प्रश्नाशी राय यांचा संबंध आणखी जवळचा आहे. १८९४ मध्ये त्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील तुपातेलांच्या रासायनिक तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. बाजारातील तूप आणि मोहरीचे तेल शुद्ध की भेसळीचे हे ठरवायचे, तर आधी शुद्ध नमुना हाती असावा लागतो. तो विश्वासाचा मिळावा म्हणून असे नमुने स्वतःच्या देखरेखीखाली तयार करवून घेण्याची खटपट या अभ्यासकाने केली. तुलनेचे माप खरे नसेल तर तपासणीला अर्थ राहत नाही, हा त्यामागचा विचार. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना यात आपल्या बाजारातील तराजू आणि दुधाच्या मापाची आठवण झाल्यास ती अप्रस्तुत म्हणता येणार नाही. मुंबईची टांकसाळ नाण्यांबरोबर प्रमाणित वजनेही तयार करते, हा योगायोग नव्हे.

महाराष्ट्राचा धागा नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडून येतो. कायदेमंडळाच्या कामासाठी गोखले कलकत्त्यास असत आणि राय यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी गोखल्यांकडे राहिले असता गोखल्यांनी राय यांची ओळख करून दिली. दरमहा आठशे रुपये मिळतात, पैकी चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे लोककार्यास देणारे हे गृहस्थ, अशा आशयाची ती ओळख होती. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत तिची नोंद केली आहे. चाळीस म्हणजे आठशेचे पाच टक्के. ७५ रुपयांच्या नाण्यात निकेलचा वाटा तेवढाच असतो. हा मेळ योगायोगाचा असला तरी मुलांच्या लक्षात राहतो आणि त्यावरून आराखड्यातही काही सुचू शकते. राय यांनी १९२१ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षानंतर, विद्यापीठातील आपले वेतन रसायन विभागाच्या वाढीसाठी सोडून दिले. १९२२ च्या उत्तर बंगालमधील महापुरात मदतकार्याची धुरा त्यांनी वाहिली. १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता एवढे सर्व ४४ मिलिमीटरच्या वर्तुळात कसे मावणार? मावत नाही, आणि तेच शिकायचे आहे. कडेला अक्षरांची एक ओळ, मध्ये एखादी आकृती, यापलीकडे जागा नसते. काही मुले मुखवटा आणि बकपात्र काढतील. कोणी वर्तुळाचा विसावा भाग रेखून दाखवील आणि बाकीचा मोकळा ठेवील. मुखवट्याची उंची फार घेतली तर दुसऱ्या बाजूच्या आकृतीला धातू पुरत नाही, हेही सांगावे. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत, चित्र नाही. कमी शब्दांत किती सांगता येते याचा तो उत्तम नमुना होय. मात्र घरातील शिवराई वर्गात आणणाऱ्या मुलांना ती चिंचेने घासू नका, असे आधीच बजावावे. चिंचेतील आम्ल तांब्याचा ऑक्साइड विरघळविते, त्यामुळे हंडा उजळतो. परंतु जुन्या नाण्यावर त्या थराबरोबर अक्षरांची कडही जाते.

तांब्याची चकती

आराखडा निवडल्यानंतर त्याची प्रतिकृती करण्याची इच्छा मुलांना होणारच. त्यासाठी चलनातील नाणे वापरू नये. नाणे अधिनियम, २०११ अन्वये नाणी वितळविणे किंवा नष्ट करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. काही देशांतील रसायनाच्या पुस्तकांत तांब्याच्या नाण्याला ‘सोन्याचे’ करण्याचा जो प्रयोग दिलेला असतो तो येथे तांब्याच्या पत्र्यातून कापलेल्या चकतीवर करावा. तयार वस्तूवर मूल्याचा अंक आणि सिंहमुद्रा घालू नये. नाण्यासारखी धातूची वस्तू चलन म्हणून वापरण्यास कायद्याने मनाई आहे आणि राजमुद्रेच्या वापरावर २००५ च्या अधिनियमाने बंधने घातली आहेत. शाळेतील वस्तू हे पदक आहे, नाणे नव्हे, हे तिच्यावरच लिहिलेले बरे. नागरिकशास्त्राचा एक धडा यात आपोआप होऊन जातो.

प्रयोग असा. चकती बारीक काचकागदाने घासून व धुऊन स्वच्छ करावी. चिनी मातीच्या बशीत जस्ताचे खडे ठेवून त्यावर झिंक सल्फेटचे द्रावण ओतावे आणि ते उकळू न देता चांगले तापवावे. चकती जस्ताला टेकेल अशी ठेवली की काही मिनिटांत तिच्यावर रुपेरी थर चढतो. ती धुऊन, पुसून चिमट्याने मंद ज्योतीवर धरावी. रुपेरी रंग अचानक सोनेरी होतो, कारण जस्ताचे अणू तांब्यात शिरून पितळ बनते. रंग पालटताच चकती पाण्यात बुडवावी. तापविण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे आणि मुलांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असावेत. जस्ताची पूड आणि दाहक सोडा घेऊन हाच प्रयोग करण्याची जुनी रीत आहे. ओली पूड वाळताना पेट घेऊ शकते आणि सोडा डोळ्यांस घातक ठरतो, म्हणून शाळेत ती टाळावी.

येथे एक मोह उभा राहतो. चकतीचे वजन प्रयोगापूर्वी आणि नंतर करावयाचे असते. जस्ताचा थर इतका पातळ असतो की शाळेच्या साध्या तराजूवर फरक दिसेलच असे नाही. वजन वाढले पाहिजे हे मुलांना ठाऊक असते, आणि वहीत वाढलेला आकडा लिहिणे अगदी सोपे असते. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत असे आकडे पिढ्यान् पिढ्या लिहिले गेले आहेत आणि त्यांना गुणही मिळाले आहेत. ‘फरक आढळला नाही’ असे लिहिणाऱ्या गटाला पूर्ण गुण देण्याची शिक्षकाची तयारी असेल तरच हा उपक्रम हाती घ्यावा. त्या नोंदीवरून पुढचा प्रश्न निघतो: तराजूला किमान किती वजन कळते? दहा चकत्या एकत्र तोलल्या तर? अशा वेळी मुले स्वतःहून दहा चकत्यांचा प्रयोग मागतात.

प्रदर्शनात ठेवताना चकतीजवळ तिची खरी घडण लिहावी: आत तांबे, वर पितळेचा पातळ थर. पाहुण्यांपैकी कोणी ती सोन्याची समजला तर मुलांनीच त्याला सांगावे. प्रमुख पाहुण्यांना भेट द्यावयाच्या चकतीसोबतही हा कागद असावा. उरलेले झिंक सल्फेटचे द्रावण शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते गाळून, नाव व तारीख लिहिलेल्या बाटलीत ठेवल्यास पुढील वर्षीच्या वर्गाला उपयोगी पडते.